पाण्याची वही

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही सिंहगड रस्त्याला, राजाराम पुलाजवळ राहतो. माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला ऑटिझम असल्याचं निदान झालं. तोवर नातेवाइकांत तिला 'हट्टी' आणि शाळेत 'शिष्ट' म्हणायचे.

तिची एक वही आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांतला पाणीसाठा ती रोज पेपरातून उतरवते. चार वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला किती टीएमसी होतं, ते तिला तोंडपाठ आहे. पण मिक्सर लावायच्या आधी मला तीनदा सांगावं लागतं. वर्गात बाई रागाने "हे काय लिहिलंयस?" म्हणाल्या, तर तिने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. सगळा वर्ग हसला. गेल्या वर्षी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला, तेव्हा रोज संध्याकाळी ती बाथरूमला कडी लावून उपड्या बादलीवर बसायची. एकदा तर साडेनऊपर्यंत बाहेर आली नाही.

माझे दीर हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते म्हणतात, "वहिनी, हे अपंगत्व नाहीच, ही देणगी आहे. कंपन्या अशी माणसं शोधत असतात. दिव्यांग दाखला काढून तिच्यावर शिक्का मारू नका." ह्यांनाही ते पटतं. सासूबाई म्हणतात, दाखला लग्नात आडवा येईल. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणतात, नववीच्या आत काढा, दहावीला सवलती मिळतील.

आणखी एक सांगायचं आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये १७ वर्षांचा एक मुलगा आहे, त्यालाही ऑटिझम. तो बोलत नाही, त्याला आकडी येते. त्याच्या आईसमोर मी एकदा बोलून गेले, "हल्ली याला सामर्थ्य मानतात." ती काही बोलली नाही, तिने मुलाचं तोंड पुसलं फक्त. तेव्हापासून मला तिच्याशी नीट बोलता येत नाही.

मी नक्की काय मानू? दाखला काढू की नको?

– एक आई, पुणे

प्रिय ताई,

तुम्ही जे शेवटी लिहिलंत, त्यापासूनच सुरुवात करते. पत्र लिहायला तुम्ही बसलात त्याचं कारण मला तिथे दिसतं. एक शब्द तुमच्या घरात चपखल बसतो आणि त्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या घरात गेलं की बोलवत नाही, मग तो शब्द खरा मानायचा कसा? ही अडचण रास्त आहे. २६ वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम केल्यावरही 'सामर्थ्य' हा शब्द मी पालकांसमोर जपून वापरते. का, ते पुढे सांगते.

आधी दिरांचं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करा. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला, तिथून ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो असं साधारण मानतात. त्या निबंधातही या मुलांच्या पाठांतराची नोंद आहे. पुढे १९८३ मध्ये लंडनला अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी एक साधी चाचणी घेतली. मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार शोधायचा. ऑटिस्टिक मुलांनी तो इतर मुलांपेक्षा चांगला शोधला. आपल्याला आधी अख्खं चित्र दिसतं, त्यांना आधी त्याचे तुकडे दिसतात.

तुमच्या मुलीची बुद्धिमापन चाचणी झाली असेल, तर पुढचं लक्षपूर्वक वाचा. मॉन्ट्रियलला लॉरां मोट्रॉन यांच्या गटाने २००७ साली ऑटिस्टिक मुलांच्या दोन चाचण्या ताडून पाहिल्या. एक नेहमीची, ज्यात बोलून उत्तरं द्यायची असतात आणि समोरच्याच्या प्रश्नाचा रोख ओळखावा लागतो. दुसरी रेव्हनची, नुसत्या आकृत्यांची. दुसऱ्या चाचणीत या मुलांचे गुण सरासरी ३० पर्सेंटाइलने वर गेले. काहींचे तर ७० हूनही जास्त. म्हणजे तेच मूल एका कागदावर 'मंद' ठरतं आणि दुसऱ्यावर हुशार. त्या गटात मिशेल डॉसन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रश्न कुठल्या बाजूने विचारायचा, हे त्यांना आतून ठाऊक होतं. तेव्हा मुलीच्या अहवालात एकच आकडा असेल, तर तो शेवटचा मानू नका.

'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्दही दीर वाचतात त्या लेखांत येत असेल. माणसांच्या मेंदूंची जडणघडण वेगवेगळी असते आणि या वैविध्याला मान मिळायला हवा, असा त्याचा अर्थ. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुडी सिंगर यांनी आपल्या प्रबंधात तो वापरला. पण हा विचार अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतून आला आहे. 'आम्ही अपंग नाही' असं त्या चळवळीने कधी म्हटलं नाही. 'आम्ही अपंग आहोत, तरी आम्हाला दुरुस्त करायच्या मागे लागू नका, जिन्याशेजारी उतार बांधा,' असं तिचं म्हणणं आहे. हिंजवडीला पोचेपर्यंत यातला उताराचा भाग वाटेत कुठेतरी गळून पडलेला दिसतो.

कंपन्यांचंही तसंच. एसएपी या जर्मन कंपनीने २०१३ साली ऑटिस्टिक माणसांना नोकऱ्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला, हे खरं आहे. पण अशा कार्यक्रमांत मुलाखतीची रीत बदलतात, सोबतीला समजूतदार सहकारी देतात, काम स्पष्ट शब्दांत सांगतात. या माणसाला आपल्या नेहमीच्या पद्धतीत अडचण येते, हे आधी कबूल करतात आणि मग त्याचं कौशल्य पुढे येतं. अडचण नाहीच असं म्हणून बसले असते, तर ती माणसं पहिल्या मुलाखतीतच गळाली असती.

आता तुमची वही आणि तुमचा मिक्सर.

निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांत २०१३ साली एक बदल झाला. आवाज, स्पर्श, वास फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हे लक्षण त्यात अधिकृतपणे आलं. ते ज्या गटात घातलं, त्याच गटात 'एखाद्या विषयाची असामान्य तीव्रतेची आवड' हेही आहे. तुमच्या घरातली वही आणि मिक्सर एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेत. आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ऑटिझमच्या दाखल्यासाठी भारतात 'आयसा' नावाचं मोजमाप वापरतात. त्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. जितके गुण जास्त, तितकी अपंगत्वाची टक्केवारी जास्त. त्यातली एक बाब आहे, असामान्य स्मरणशक्ती. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला पानशेतचा साठा तुमच्या मुलीने डॉक्टरांना घडाघडा सांगितला, तर तिचा अपंगत्वाचा गुण वाढेल!

मला यात विसंगती वाटत नाही. ज्या कानांना ढोल सोसत नाही आणि ज्या डोळ्यांतून दशांश चिन्हानंतरचा आकडा सुटत नाही, ते एकाच मुलीचे आहेत. बाहेरून येणारं तिच्याकडे कमी गाळून येतं. पेपरातला १०.६५ हा आकडा जसाच्या तसा आत जातो आणि कुकरची शिट्टीही. त्यातलं एक ठेवा आणि दुसरं काढून टाका, असं कुणाला करता येत नाही. त्यामुळे 'सामर्थ्य की अपंगत्व' या प्रश्नाला तुम्ही एकच उत्तर शोधत राहाल, तर दर तासाला ते बदलेल. सकाळी सातला, पेपर आल्यावर एक आणि संध्याकाळी सातला, नदीपात्रातून पहिला ठोका आल्यावर दुसरं.

संध्याकाळच्या त्या अपंगत्वातलं थोडं बाहेरून येतं. सराव कुठे करायचा, किती वाजेपर्यंत, खिडकीपासून किती अंतरावर, हे माणसं ठरवतात आणि माणसं ते बदलू शकतात. पण सगळा दोष समाजाचा, असंही मी म्हणणार नाही. शांत घरात, प्रेमळ आईने, तीनदा सांगून लावलेला मिक्सरही तिला त्रास देतोच. तो त्रास तिच्या शरीरात आहे आणि खरा आहे. 'ही देणगी आहे' म्हणणाऱ्याने त्या उपड्या बादलीपाशी एकदा तासभर बसावं. दिरांना यंदा सरावाच्या दिवसांत संध्याकाळी चहाला बोलवा. वाद घालू नका, नुसतं बसू द्या.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. नोकरीचं सहावं वर्ष असेल. माझ्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा होता. कुठलीही तारीख सांगा, तो वार सांगायचा. सकाळी वर्गात आला की भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहायचा, पुटपुटायचा आणि मधेच खुदकन हसायचा. मला त्याचं फार कौतुक. लोकांनी आमच्या मुलांकडे 'बिचारी' म्हणून बघू नये, असं मला मनापासून वाटायचं. म्हणून मी त्याला स्नेहसंमेलनात स्टेजवर उभं केलं. प्रेक्षकांतून कुणी आपल्या लग्नाची तारीख सांगे, कुणी मुलाच्या जन्माची. अकरा तारखा झाल्या, अकराही वार बरोबर, टाळ्यांवर टाळ्या. बाराव्या वेळी त्याने माइक जमिनीवर ठेवला, शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी वर ओढली आणि दातांत घट्ट धरली. मी विंगेतून बोट दाखवत होते, अजून एक, एकच.

त्यानंतर तो वार सांगेना. कॅलेंडरसमोर उभं राहणंही बंद झालं. मी नवं कॅलेंडर आणून लावलं, तो तिकडे पाठ करून बसायचा. जवळजवळ वर्ष गेलं असं. त्याची आई शांत बाई होती, ती मला एवढंच म्हणाली, "बाई, ते त्याचं होतं."

मी जपून बोलते ते तेव्हापासून. 'बिचारा' म्हणू नये म्हणून मी त्याला 'हुशार' ठरवायला गेले आणि त्याला मान मिळण्यासाठी त्याच्या आनंदाची फी भरली. कौतुक करताना आपण नकळत एक अट घालतो. तू वेगळा आहेस ते चालेल, पण त्याचा उपयोग दाखव. ज्याच्याकडे दाखवायला उपयोग नाही, त्याचं काय करायचं, हे ती अट सांगत नाही. तुमच्या शेजारणीने मुलाचं तोंड पुसलं तेव्हा तिला हीच अट ऐकू आली असणार.

म्हणून वहीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती वही पाहुण्यांना दाखवू नका. 'पुढे हायड्रॉलॉजिस्ट होईल' असं तिच्यासमोर म्हणू नका. झाली तर उत्तमच. पण आज ती वही तिचा दिवस सुरू करते, त्याला आकार देते. शाळेत काय होईल ते सांगता येत नाही, बाई काय बोलतील सांगता येत नाही. चार धरणांची पूर्ण क्षमता मात्र १.९७, १०.६५, १२.८२ आणि ३.७१, बेरीज २९.१५ टीएमसी. ती उद्याही तेवढीच असते. मधल्या आकड्यांना चढायला-उतरायला वाव आहे, पण कुठपर्यंत, ते आधीच ठरलेलं आहे. १३ वर्षांच्या मुलीला असं एक तरी ठिकाण हवं. पेपरवाला आला नाही, तर तिला मोबाइलवर आकडे शोधून द्या आणि तिच्याबरोबर दोन मिनिटं बसा. तिने सांगितलं तर ऐका. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे मला अशाच एका विद्यार्थ्याने शिकवलं.

वर्गातल्या हसण्याबद्दल. "हे काय लिहिलंयस?" हा प्रश्न नव्हता, रागावणं होतं. तुमच्या मुलीने तो प्रश्न म्हणून घेतला आणि खरं उत्तर दिलं. यात चूक तिची एकटीची का मानायची? ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ २०१२ साली हेच म्हणाले. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. न कळणं दोन्हीकडचं आहे. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींसारखा एक प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली, तिथे ती जास्त गळाली. बाईंना भेटून हे सगळं समजावत बसू नका, त्यांच्या वर्गात साठ मुलं असतील. एवढंच सांगा, तिला जे सांगायचं ते सरळ शब्दांत सांगा. 'हे उत्तर खोडून पुन्हा लिही' हे तिला लगेच कळेल. आणि वर्गात तिच्यासारखीच दुसरी एखादी मुलगी असेल, ग्रहताऱ्यांची किंवा मांजरांच्या जातींची वेडी, तर दोघींना एका बाकावर बसवता येईल का, ते विचारा.

जाता जाता, मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व', त्यावरून केलेला हा प्रतिशब्द. पण मला तो खटकतो. जी मुलगी रोज सकाळी अख्ख्या शहराच्या पाण्याची काळजी वाहते, तिला स्वतःत मग्न कसं म्हणायचं? मी 'ऑटिस्टिक' असंच म्हणते. तुम्हाला 'स्वमग्न' बरं वाटत असेल, तर तेही चालेल, त्यावरून भांडण नको.

आता दाखला. तो काढा. माझं उत्तर स्वच्छ हो आहे.

१९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ते आलं. तो समावेश व्हावा म्हणून कितीतरी आईबापांनी चपला झिजवल्यात. 'शिक्का' म्हणून तो बाजूला सारताना हे लक्षात असू द्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत ५ टक्के आरक्षण आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आहे, त्यातला एक टक्का ऑटिझम आणि काही इतर प्रकारांना मिळून. दहावी-बारावीला राज्य मंडळाच्या सवलती मिळतात, जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. शाळेमार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो, म्हणून समुपदेशक बाई घाई करतायत, त्यांचं ऐका. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जाताना वही न्या, बाहेर बसावं लागतं. इअरमफही न्या. कारखान्यात कामगार लावतात तसले, कान पूर्ण झाकणारे. ते तुमच्या घरी अजून नसतील, तर दाखल्याच्या आधी तेच घ्या. मिक्सरचं आणि सरावाच्या संध्याकाळींचं निम्मं काम ते करतील.

तो दाखला म्हणजे कपाटातल्या फायलीत राहणारा एक कागद आहे. कुणाला दाखवायचा, कधी दाखवायचा, ते तुम्ही आणि पुढे ती ठरवेल. दाखला नसेल, तर तिची ओळख पुसली जाणार नाही, 'हट्टी' आणि 'शिष्ट' हे जुने शिक्के तेवढे उरतील. सासूबाईंच्या धास्तीमागे माया आहे, त्यांना उलट बोलू नका. पण १३ वर्षांच्या मुलीच्या लग्नावरून आज तिचा दहावीचा जादा वेळ घालवायचा नाही. आणि पुढे कधी लग्न करावंसं तिला वाटलं, तर मिक्सर लावायच्या आधी तीनदा सांगणारा माणूस तिला लागेल. ही गोष्ट लपवून केलेल्या लग्नात तो कसा भेटणार?

शेजारच्या ताईंकडे जा. माफी मागायला म्हणून जाऊ नका, त्यांनाच तुमची समजूत घालावी लागेल. काम घेऊन जा. त्यांचा मुलगा १७ चा आहे. १८ पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी अर्ज करता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते मंजूर करते. त्याच न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. त्यांनी ते केलंय का, विचारा. केलं नसेल, तर दोघी मिळून कागद गोळा करा, तुम्हालाही तुमच्या कामात उपयोग होईल. आकडी येणाऱ्या मुलाला सोडून त्यांना बँकेत जाणंही जमत नसेल. आठवड्यातून दोन तास त्याच्याजवळ बसता येईल का, पाहा. आकडी आली तर काय करायचं, ते आधी त्यांच्याकडून नीट शिकून घ्या. आणि त्याच्यात एखादं सामर्थ्य सापडतंय का, म्हणून शोधत बसू नका. त्याला काय आवडतं, ते बघा. पंख्याची हवा, पोळीचा पापुद्रा, काहीही असेल.

शेवटी एक विचारते. तुमच्या पत्रात दिरांचं मत आहे, ह्यांचं, सासूबाईंचं, समुपदेशक बाईंचं आहे. तिचं नाही. तिला ऑटिझम आहे, हे तिला सांगितलंय का? पत्रावरून तसं दिसत नाही. बाथरूममध्ये जाऊन का बसावं लागतं, इतरांना का लागत नाही, याचं काहीतरी उत्तर तिने स्वतःशी केलेलं असणारच, आणि १३ व्या वर्षी ते उत्तर बहुतेक 'माझंच काहीतरी चुकतं' असं असतं. दाखल्याला नेण्याआधी तिला सांगा. समोर बसवून, डोळ्यांत बघून नको. लिहून द्या, साध्या वाक्यांत. तिच्या कानांना आवाज जास्त का लागतो, तिला आकडे का आवडतात, या दोन्हीला मिळून एक नाव आहे, ते नाव असणारी माणसं जगात खूप आहेत आणि त्यातला एक मुलगा आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो. खाली तीन प्रश्न लिहा. दाखला काढायचा का? शाळेत कुणाला सांगायचं, कुणाला नाही? यंदा सरावाच्या दिवसांत संध्याकाळी कुठे जाऊया? उत्तरासाठी जागा सोडा आणि कागद तिच्या टेबलावर ठेवून या. दोन दिवस विचारू नका.

तिसऱ्या प्रश्नाला ती काय लिहिते, ते मला कळवा, तिची हरकत नसेल तर. खडकवासल्याच्या भिंतीपाशी असं लिहिलं, तर मला नवल वाटणार नाही. पावसाळ्यात तिथे पाण्याचा आवाज मोठा असतो, पण तो एकसारखा असतो, ठोके देत नाही. तिला चालतो का, ते तीच सांगेल.

तुमची,
ताई